डावा कान, उजवा कान: बाळाच्या बेरा चाचणीचा अनुभव

एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, बाळाला घरी सोडताना जो कागद हातात देतात, त्यावर औषधं, लसी आणि वजनाच्या नोंदींखाली बहुधा एक ओळ असते: 'ओएई करून घेणे, गरज पडल्यास बेरा.' आमच्याही कागदावर ती होती. या दोन्ही बाळाच्या ऐकण्याच्या चाचण्या: ओएई कानातून परत येणारा आवाज तपासते, बेरा मेंदूपर्यंत पोचणारी वीज. बाळ घरी आल्याचा आनंद आणि दर दोन तासांनी दुधाची धांदल यांत ही ओळ सहज मागे पडते. तिथे ओळख झालेल्या काही आयांकडे मी नंतर चौकशी केली, तर चाचणी कुणीच करून घेतलेली नव्हती. म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सीआरओच्या पडद्यावर लहरी बघण्यात आणि मुलांना दाखवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे या चाचणीत यंत्राच्या आत काय चाललंय हे मला समजत होतं, आणि ते समजत होतं म्हणूनच मी त्या खोलीत शांत बसू शकले.

माझा मुलगा तेहतिसाव्या आठवड्यात झाला. वजन कमी, सुरुवातीला श्वासाला मदत लागली, संसर्गाच्या शंकेमुळे अमिकासिन द्यावं लागलं आणि कावीळ वाढल्याने बरेच दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. कानांच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट जोखमीची असते. अमिकासिन, जेंटामायसिन या गटातली औषधं अशा बाळांचे जीव वाचवतात, पण आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशींना त्यांच्यामुळे इजा होऊ शकते. काविळीत रक्तात वाढणारं बिलिरुबिन फार चढलं तर श्रवणाची नस आणि ती मेंदूत जिथे पोचते ती केंद्रं यांना धोका असतो. बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला एक-तीन-सहा हे आकडे लक्षात ठेवायला सांगितले होते: पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि दोष निघालाच तर सहाव्या महिन्याच्या आत मदत सुरू. भाषा ऐकण्याची मेंदूची तयारी याच काळात होत असते, म्हणून ही घाई.

ओएई साताऱ्यातच झाली. यंत्र हातात मावेल एवढं. त्याच्या वायरच्या टोकाला मऊ रबरी टोपीचा प्रोब, आणि प्रोबच्या आत दोन चिमुकले स्पीकर आणि एक मायक्रोफोन. बाळ मांडीवर झोपलेलं असताना प्रोब कानात बसवतात. स्पीकर दोन सूर एकदम सोडतात. समजा, एक १६४० हर्ट्झचा आणि दुसरा २००० हर्ट्झचा. कान निरोगी असेल तर तो आतल्या आत तिसराच सूर तयार करतो, १२८० हर्ट्झचा, आणि तो उलट्या दिशेने कानाच्या नळीत येतो. मायक्रोफोन तेवढाच टिपतो. कान आवाज घेतो तसा देतोही, हे लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी मोजून १९७८ साली प्रसिद्ध केलं. हा आवाज बाह्य केसपेशींच्या हालचालीतून येतो. प्रत्येक कानात त्या साधारण बारा हजार असतात आणि लांब-आखूड होत क्षीण आवाजाला आतच बळ देतात.

हे वाचताना मी चकित झाले, कारण वर्गात मी हेच उलट बाजूने शिकवते. अ‍ॅम्प्लिफायरला दोन वारंवारिता दिल्या आणि बाहेर पहिलीच्या दुपटीतून दुसरी वजा केलेली तिसरी वारंवारिता आली, तर आम्ही त्याला इंटरमॉड्युलेशन डिस्टॉर्शन म्हणतो आणि सर्किटमध्ये दोष आहे असं सांगतो. जिवंत कानात तेच डिस्टॉर्शन निरोगीपणाची खूण आहे. ते सापडलं नाही तर काळजी.

उजव्या कानाला 'पास' आलं, डाव्याला 'रेफर'. रेफर म्हणजे पुढे तपासा, एवढंच. जन्मानंतर कानात राहिलेला मळ, मध्यकर्णातलं पाणी, बाळाची चुळबुळ, कशानेही रेफर येऊ शकतं, कारण तो तिसरा सूर फार हलका असतो आणि कानाच्या पडद्यापलीकडून बाहेर यायला त्याला मोकळी वाट लागते. काही आठवड्यांनी पुन्हा केली. पुन्हा उजवा पास, डावा रेफर. मध्यकर्णात पाणी आहे का हे बघायला टिम्पॅनोमेट्री केली, ती व्यवस्थित आली. इथे एक गोष्ट पालकांनी विचारून घ्यावी अशी आहे. मोठ्यांसाठी या तपासणीत २२६ हर्ट्झचा सूर वापरतात. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या कानाची नळी इतकी मऊ असते की त्या सुरावर पाणी असूनही आलेख ठीक दिसू शकतो. बाळांसाठी १००० हर्ट्झचा सूर लागतो.

घरी आल्यावर सासूबाईंनी पाळण्याशेजारी उभं राहून स्टीलच्या ताटावर चमचा वाजवला. बाळ दचकलं, दोन्ही हात फाकवून रडायला लागलं.

"अगं, ऐकतंय की ते! उगाच कशाला पुण्याला नेऊन त्याच्या डोक्याला तारा लावायच्या?"

"आई, ताटाचा आवाज दोन्ही कानांत जातो. उजवा चांगला आहे त्याचा, तो दचकणारच."

"मग एक कान चांगला आहे तर अडतंय कुठं?"

हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता आणि तो मलाही पडलेला होता. उत्तर मी डॉक्टरांकडून घेऊन आले होते. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. एकच कान असेल तर रस्त्यावर मागून येणारी गाडी डावीकडून येतेय की उजवीकडून, ते कळत नाही. गोंगाटाच्या वर्गात बाईंचा आवाज वेगळा काढणं अवघड जातं. शिवाय एका कानात दोष निघाला तर दुसऱ्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं, कारण काही प्रकारांत तोही पुढे उतरतो. आणि कावीळ वाढलेल्या बाळात एक वेगळी शक्यता असते: ओएई पास होते, कारण केसपेशी शाबूत असतात, पण पुढे नसेतून संदेश नीट जात नाही. म्हणजे आमच्या 'पास' झालेल्या उजव्या कानाचीही खात्री झालेली नव्हती. ओएई कानातून आलेला आवाज नोंदवते, बेरा मेंदूपर्यंत गेलेली वीज नोंदवते. एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला दुसरीही लागते.

सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जा बाई, करून या."

पुण्याच्या रुग्णालयातून फोनवर सूचना मिळाल्या. डोक्याला तेल नको, पावडर नको, काजळ नको, केस धुऊन आणा. बाळाला झोपाळलेलं आणि भुकेलं आणा, दूध इथे पोचल्यावरच पाजा. मोठ्या बाळांना झोपेसाठी ट्रायक्लोफॉसचं सिरप देतात, पण एवढ्या लहानाला पोट भरलं की आपसूक झोप लागते आणि तीच चांगली. आमच्याकडे रोज टाळू भरण्याची पद्धत, त्यामुळे तेल बंद ठेवणं सासूबाईंना जड गेलं, तरी त्यांनी ते कटाक्षाने पाळलं. आदल्या दिवशी जाऊन कोथरूडला नणंदेकडे मुक्काम केला, कारण गाडी खंबाटकी घाटाला लागेपर्यंत बाळ झोपणार हे ठरलेलं आणि सकाळी निघालो असतो तर सगळी झोप गाडीतच संपली असती. सकाळी त्याला जागं ठेवण्याचं काम नवऱ्याने केलं. पंखा दाखव, कडेवर घेऊन जिना उतर-चढ कर, ओल्या रुमालाने तळपाय पूस. भुकेलेल्या बाळाला जागं ठेवणं आईला फार कठीण जातं. ते काम दुसऱ्या कुणीतरी करावं.

चाचणीची खोली आतून जाड मऊ अस्तराची, दुहेरी दाराची होती. मोबाइल बाहेर ठेवायला सांगितले, ट्यूबलाइट बंद केली. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, तरुण मुलगी होती, हालचाली अगदी सावकाश. तिने बाळाचं टोपडं काढलं आणि हसली. निघताना सासूबाईंनी नातवाच्या कपाळावर वर केसांच्या कडेशी बारीकशी तीट लावली होती, प्रवासात दृष्ट नको म्हणून. "ताई, मला नेमकी हीच जागा हवी आहे," असं म्हणत तिने ती कापसाने पुसली.

मग बारीक कणांच्या जेलने त्या जागेची आणि दोन्ही कानांमागची त्वचा हलकेच घासली. जागा थोडी लाल होते, पण तासाभरात जाते. इलेक्ट्रोड एकूण चार: एक कपाळावर वर, एक-एक प्रत्येक कानामागे आणि चौथा ग्राउंडचा, कपाळावर खाली. पेस्ट लावून टेपने चिकटवले. इथे मशीनने इम्पीडन्स, म्हणजे त्वचेशी जोडणीत विजेला होणारा अडथळा, दाखवला. डाव्या कानामागचा जास्त होता, तो तिने काढून, पुन्हा घासून लावला. सगळे पाच किलोओहमच्या खाली आणि एकमेकांच्या जवळपास येईपर्यंत ती पुढे गेली नाही. तिथेच माझा तिच्यावर विश्वास बसला. भिंतीतल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट शरीरावर सगळीकडे सारखाच येतो. डिफरेन्शियल अ‍ॅम्प्लिफायर दोन इलेक्ट्रोडमधला फरक तेवढा मोठा करतो आणि जे दोघांत समान आहे ते टाकून देतो. पण इम्पीडन्स असमान असेल तर समान गोष्टही असमान होऊन आत शिरते. ही पाच-दहा मिनिटं वाया जातायत असं पालकांना वाटू शकतं. चाचणीचा अर्धा खरेपणा याच मिनिटांत ठरतो.

बाळाला दूध पाजलं. खांद्यावर घेऊन ढेकर काढेपर्यंत तो झोपला होता.

कानात बसवायचे इअरफोन वेगळे असतात. स्पीकरचा डबा अंतरावर, आणि तिथून एक बारीक नळी कानातल्या फोमच्या बोळ्यापर्यंत येते. आवाजाला ती नळी पार करायला एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. स्पीकरला दिलेल्या विजेचा झटका इलेक्ट्रोडमध्ये शिरतो तो आधीच येऊन संपतो, आणि कानाचं उत्तर त्यानंतर स्वच्छ दिसतं. एवढ्याशा नळीत किती विचार आहे, हे पाहून मला बरं वाटलं.

"आधी डावा करू," ती म्हणाली. "झोप किती टिकेल सांगता येत नाही. ज्याची शंका आहे तो आधी."

सुरुवातीला पडद्यावर नुसती वेडीवाकडी रेषा पळत होती. तो बाळाच्या मेंदूचा चालू विद्युत गोंगाट, म्हणजे ईईजी. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून तो पहिल्यांदा नोंदवला, ती हीच रेषा. ती दहा-वीस मायक्रोव्होल्टच्या घरात. आम्हाला हवी असलेली लहर पाव-अर्ध्या मायक्रोव्होल्टची, कधी त्याहूनही लहान. प्रयोगशाळेत मुलं मिलिव्होल्टचा सिग्नल हाताळतानाच कंटाळतात. ही त्याच्या हजारो पट खाली. एका क्लिकनंतरच्या रेषेकडे कितीही डोळे लावले तरी तिच्यात काही सापडणं शक्य नाही.

सापडते ती पुन्हा पुन्हा विचारून. गजबजलेल्या मंडपात शेकडो माणसं आपापलं बोलतायत आणि एका कोपऱ्यात एक टाळकरी ठरलेल्या ठेक्यावर टाळ वाजवतोय अशी कल्पना करा. सगळ्या आवाजाचं रेकॉर्डिंग ठेक्याच्या लांबीच्या तुकड्यांत कापून तुकडे एकावर एक ठेवले, तर बोलणं दर तुकड्यात वेगळं असल्याने एकमेकांना मारतं आणि टाळ प्रत्येक तुकड्यात त्याच जागी असल्याने उरतो. यंत्र हेच करतं. कानात क्लिक वाजते, एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढी छोटी. पुढच्या पंधरा मिलिसेकंदांतली वीज नोंदवली जाते. मग दुसरी क्लिक, तिसरी, अशा दोन हजार, आणि सगळ्यांची सरासरी. सरासरीत गोंगाट क्लिकच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. दोन हजारांचं वर्गमूळ पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे दहा मायक्रोव्होल्टचा गोंगाट पाव मायक्रोव्होल्टच्याही खाली येतो. तेव्हा कुठे ती लहर डोकं वर काढते.

क्लिकचा वेग पडद्यावर दिसत होता: सेकंदाला २१.१. असा तुटक आकडा मुद्दाम निवडलेला असतो. वेग सेकंदाला २५ ठेवला तर दर क्लिकला ५० हर्ट्झची लहर नेमकी त्याच टप्प्यावर भेटेल, आणि सरासरीत मरण्याऐवजी टाळासारखीच जमा होत जाईल. २१.१ ठेवला की ती दर वेळी वेगळ्या टप्प्यावर सापडते आणि विरते. दोन हजार क्लिक दीड मिनिटाच्या थोड्या वर संपतात, पण बाळाने ओठ चोखले किंवा मान हलवली की स्नायूंची वीज उसळते आणि यंत्र तेवढे तुकडे बाद करतं. शेजारी बाद तुकड्यांचा आकडा चढत असतो. तो भराभर चढू लागला की ती थांबायची, बाळ शांत व्हायची वाट बघायची आणि मग पुढे.

डाव्या कानात ९० डेसिबलपासून सुरुवात झाली. एवढा मोठा आवाज कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानाला ऐकू जाऊन त्यानेच उत्तर देऊ नये म्हणून उजव्या कानात सळसळीचा आवाज सोडलेला होता. पाच-सहाशे क्लिकनंतर रेषेला उंचवटे येऊ लागले आणि शेवटी पहिली, तिसरी आणि पाचवी लहर स्पष्ट उभी राहिली. या लहरींना जुएट आणि विलिस्टन यांनी १९७१ साली रोमन आकडे दिले, ते जगभर अजून चालतात. पहिली लहर श्रवणाच्या नसेतली, पाचवी मेंदूच्या देठाच्या वरच्या भागातली. बाळांमध्ये बहुधा या तीनच नीट दिसतात. मोठ्या माणसात जोरदार आवाजाला पाचवी लहर साडेपाच मिलिसेकंदांच्या सुमारास येते, नवजात बाळात सातच्या आसपास, कारण नसांवरचं मायलिनचं आवरण अजून पुरतं तयार नसतं. साधारण दोन वर्षांपर्यंत ती मोठ्यांच्या जागी पोचते. मुदतीआधी झालेल्या बाळाची लहर त्याच्या दुरुस्त वयाच्या, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या वयाच्या, तक्त्याशी ताडतात. आमच्या फाइलवर तिने जन्मतारखेशेजारी प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहून घेतली होती ती यासाठी.

मग तिने क्लिकची दिशा उलटवली, म्हणजे कानाच्या पडद्याला आधी आत ढकलणारी क्लिक होती ती आता आधी बाहेर ओढणारी केली. केसपेशींची स्वतःची वीज असेल तर ती आवाजाच्या मागोमाग उलटते. नसेची लहर उलटत नाही. आमच्या रेषेतली शिखरं जागच्या जागी राहिली. म्हणजे संदेश नसेतून वर जात होता, काविळीने नस बिघडवलेली नव्हती. हे मी तिला विचारलं नव्हतं, काविळीचा इतिहास वाचून तिने स्वतःच केलं.

७० वर पाचवी लहर होती, पण बुटकी आणि उशिरा आलेली. पुन्हा केलं, दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. ५० वर रेषा सपाट. पुन्हा, सपाट. ६० वर सपाट.

सपाट रेषेबद्दल थोडं सांगायला हवं. लहर दिसत नाही याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, लहर आहे पण गोंगाटात बुडालीय. दोन, लहर नाहीच. पहिल्यात रेषा थरथरती, खडबडीत असते आणि दोन वेळच्या रेषा एकमेकींशी जुळत नाहीत. दुसऱ्यात गोंगाट खाली गेलेला असतो आणि तरीही काही उठत नाही. ६० डेसिबलची रेषा तिने दोन हजारांवर न थांबता पुढे चालू ठेवली. उरलेल्या गोंगाटाचा आकडा उतरत गेला. वर्गात मी ज्याला उत्तम सरासरी म्हटलं असतं तशी ती स्वच्छ, गुळगुळीत रेषा होती. मी शिक्षिका म्हणून त्या रेषेवर विश्वास ठेवला आणि आई म्हणून ती मला बघवेना. नवऱ्याने खुणेने विचारलं, मी खुणेनेच सांगितलं.

तेवढ्यात बाळ उठलं. उजवा कान राहिला. पुन्हा झोपवायचा प्रयत्न केला, पण पोट भरलेलं, झोप झालेली. त्याला आता खेळायचं होतं. याला कुणाचाच इलाज नसतो. पुढची तारीख घेतली.

त्या खेपेला उजवा कान झाला, आणि तो मला डोळे भरून बघता आला. ७०, ५०, ३०. आवाज जसा उतरत गेला तशी पाचवी लहर बुटकी होत उजवीकडे सरकत गेली, पण ३० वरही ती दोन्ही रेषांत होती. तोंडाजवळ कुजबुज करावी एवढा तो आवाज, आणि झोपलेल्या बाळाचा मेंदू त्याला उत्तर देत होता. त्याच दिवशी डाव्या कानामागे हाडावर कंपक धरून तपासलं. कंपन बाहेरचा आणि मधला कान टाळून थेट आतल्या कानात जातं. तिथेही ४५ वर काही आलं नाही, म्हणजे अडथळा पाण्याचा किंवा मळाचा नव्हता, दोष आतल्या कानातच होता. निष्कर्ष: उजवा कान सामान्य, डाव्यात मध्यम ते तीव्र ऱ्हास. कारण कशात आहे ते ठामपणे सांगता येणार नाही, असं कान-नाक-घसातज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं आणि मला तो स्पष्टपणा आवडला.

क्लिक मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्याबद्दल सांगते. कर्णयंत्र जुळवायला तेवढं पुरत नाही, म्हणून नंतर ५०० हर्ट्झपासून वेगवेगळ्या सुरांवर पुन्हा बेरा झाली. मग डाव्या कानाचा मोल्ड, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा साचा, घेतला. कानात दोरा बांधलेला फोमचा बोळा बसवून मऊ पेस्ट भरतात, काही मिनिटांत ती घट्ट होते. बाळाचा कान भराभर वाढतो, मोल्ड सैल होतो, आणि मग यंत्राचा आवाज फटीतून निसटून त्याच्याच माइकमध्ये शिरून शिट्टी येते. शिट्टी आली की यंत्र बिघडलं असं समजून काढून ठेवू नका, नवा मोल्ड घ्या.

खाजगीत जाणं जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी, म्हणजे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून मदत करणाऱ्या, केंद्रात विचारा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात श्रवणदोषाची तपासणी येते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. दोन्ही कानांत तीव्र दोष असलेल्या लहान मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटला (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राला) मदत करणारी केंद्राची एडिप योजना आहे, तिची माहितीही तिथे मिळते. वयाची अट असते, म्हणून आधी चौकशी करा.

आता सासूबाईच सकाळी यंत्र लावतात. टाळू भरून झाली, हात धुतले, की मोल्ड कानात आणि यंत्र कानामागे. तेल मोल्डच्या भोकात जाता कामा नये हे त्यांनी एकदा ऐकलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. शेजारच्या एका नातवालाही त्यांनीच तपासणीला पाठवलं.

पालकांना माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. नुसता 'उजवा ३०, डावा ७०' असा टाइप केलेला निष्कर्ष घेऊन परतू नका, लहरींचा छापील कागद मागून घ्या. प्रत्येक पातळीच्या दोन-दोन रेषा, पाचव्या लहरीची वेळ, किती क्लिकची सरासरी, हे सगळं त्यावर असतं. पुढे दुसरीकडे जावं लागलं तर तिथला ऑडिओलॉजिस्ट पहिल्यांदा तोच कागद मागतो, कारण निष्कर्ष कुणीही टाइप करू शकतं, तुलना मात्र रेषेशीच करता येते. बाळ बसायला लागल्यावर आमची पुढची तपासणी झाली. या वेळी तो जागा होता, माझ्या मांडीवर, आणि आवाज आला की वळून दिवा लागणाऱ्या खेळण्याकडे बघत होता. दोन्ही कानांत वेगवेगळे इअरफोन होते. त्यातून आलेले आकडे बेराच्या कागदाशी जुळले. उजवा कान तसाच चांगला आहे, डावाही आणखी उतरलेला नाही, आणि पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.